लग्न होईल की नाही, ते टेबलावर ठरू दे

राजेश्वर, ता. बसवकल्याण, जि. बीदर

सोनू,

तुझ्या रोल-प्लेइंग खेळाची वही मिळाली. एका बैठकीत वाचून काढली. पहिल्या सेशनपासून शेवटच्या लढाईपर्यंत सगळं तू लिहून ठेवलं आहेस: कोण दगा देणार, कोण कुठे मरणार, राजकन्या कधी सुटणार. भाषा सुरेख आहे. पण तुझे मित्र यात काय करणार, ते कुठेच नाही. असं चाललं तर ती पोरं टेबलाभोवती बसून तुझी कादंबरी ऐकतील आणि हळूहळू एकेकाचं येणं बंद होईल.

म्हणून स्पष्ट सांगते, कथानक आखू नकोस. माणसं आख. त्यांना काय हवंय ते लिही, आणि कोणी आडवं आलं नाही तर ती काय करतील, तेवढं लिही. हा खेळ मुळात युद्धखेळांतून आला. गायगॅक्स आणि आर्नेसन या खेळकर्त्यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापला. पण त्याच्या आधी, १९७१ पासूनच, आर्नेसन मिनेसोटात आपलं ‘ब्लॅकमूर’ चालवत होता. खेळाडूंच्या हाती त्याने एक मुलूख दिला. गोष्ट त्यांच्या हालचालींतून मागाहून उमटत गेली.

उदाहरण इथलंच घे. बाराव्या शतकाच्या मध्यावर आपल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, काय परिस्थिती होती बघ. चालुक्यांचं सिंहासन बळकावणारा कलचुरी बिज्जळ. त्याच्याच दरबारात भांडाराचा कारभार पाहणारे बसवण्णा. अनुभवमंटप या सभेत जातपात न मानता एकत्र बसणारे त्यांचे अनुयायी, म्हणजे शरण, आणि ते ज्यांच्या डोळ्यांत खुपतं अशी दरबारी मंडळी. अशात ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चर्मकार हरळय्याचा मुलगा यांचं लग्न ठरतं. पुढचं तू लहानपणापासून ऐकलंच आहेस: दोन्ही बापांना देहदंड, नगरात उसळलेला कल्लोळ, ११६७-६८च्या सुमारास बिज्जळाचा खून, शरणांची उळवीकडे पांगापांग.

आता तू वहीत ‘सहाव्या सेशनला देहदंड’ असं लिहिलंस आणि पोरांनी पाचव्यालाच नवरानवरीला वेशीबाहेर काढलं तर? तू पहारा वाढवशील, दरवाजे लावून घेशील, काहीही करून त्यांना परत आणशील. खेळाडूंना हे लगेच कळतं, आणि एकदा कळलं की ते डोकं लावणं सोडून देतात. त्याऐवजी वहीत असं असू दे. राजाला भीती कशाची? सिंहासन नवं आहे, जुने सरदार फिरले तर ते टिकणार नाही. दरबाऱ्यांना काय हवंय? भांडाराच्या किल्ल्या. बापांना? लेकरांचं लग्न, तेही चारचौघांत, चोरून नाही. मग नवरानवरी पळाली तरी तुझं काही अडत नाही. दुसऱ्या सकाळी दरबारी राजाच्या कानाशी लागणार, राजाला कोणावर तरी हात टाकावाच लागणार, आणि चोरीचं लग्न नको म्हणून बापच लेकरांना परत बोलावणार. पुढचा सेशन तयार!

मात्र खुद्द बसवण्णांना आणि शरणांना टेबलावर आणू नकोस. आपल्या आसपासच्या घराघरांतली ती श्रद्धास्थानं आहेत. त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणं मला पटत नाही. गुंता घे, नावंगावं बदल.

सुगाव्यांबद्दलही सांगते. जस्टिन अलेक्झांडर या खेळलेखकाचा एक नियम मी कायम पाळते: खेळाडूंनी जे ओळखायला हवं, त्याच्याकडे नेणारे किमान तीन सुगावे ठेवायचे. दामाजीपंतांची कथा आठव. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली आणि बीदरच्या बादशहाचं बोलावणं आलं. समज, तुझ्या खेळात असंच एक कोठार रिकामं झालंय आणि ते पोरांना कळायला हवं. अमुक फासा नीट पडला तरच कळेल, असं करू नकोस. कोठाराच्या छपरावर एकही चिमणी नाही. थप्पीतली पुढची पोती नव्या सुतळीने शिवलेली आहेत, दाभण खुपसलं तर भुसा येतो. कारकुनाच्या बोटांवर शाई ओली आहे, पण वहीतली तारीख मागच्या महिन्याची. यातलं काहीतरी कोणाच्या तरी नजरेत भरेलच.

आणि फासा टाकलास की तो म्हणेल ते मान. लाडका खलनायक तिसऱ्याच सेशनला मेला तर मरू दे. त्याची गादी कोणाला हवी होती, ते तू लिहिलेलं असेलच. फाशांवरून आठवलं: कल्याणाहून राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात (११२९) राजाच्या करमणुकींमध्ये कथाही आहे आणि फाशांचा खेळही. ही दोन्ही एका टेबलावर यायला पुढे साडेआठशे वर्षं लागली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लांब कॅम्पेन, म्हणजे महिनोन्महिने चालणारा खेळ, टिकवायचा तर आपल्या शेताकडे बघ. तुरीत आपण मूग घेतो. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत घरी येतो, तूर पाच-सहा महिने उभी असते. तुझ्या वहीत नुसती तूर आहे. दोन-तीन सेशनमध्ये निकाल लागेल असं एखादं प्रकरण सतत चालू हवं: हरवलेला व्यापारी, विहिरीच्या पाण्यावरून दोन गावांचं भांडण. पोरांच्या हाताला काहीतरी लागतं, आणि त्या भांडणातला पाटीलच पुढे मोठ्या कारस्थानात सापडला की त्यांना तो ओळखीचा असतो.

खेळ संपला की त्याच रात्री, कितीही झोप आली तरी, लिहून काढ: पोरांनी कोणाला शब्द दिला, कोणाचा अपमान केला, कोणाला जिवंत सोडलं. पुढची सगळी बीजं यातच मिळतात. आणि उठण्याआधी त्यांना विचार, पुढच्या वेळी कुठे जायचं? तेवढ्याचीच तयारी कर.

वही परत पाठवते आहे. समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. तुझा तो लंगडा खजिनदार मला सगळ्यांत जिवंत वाटला, आणि नेमका तोच दुसऱ्या पानावर येऊन पुढे गायब होतो. सुरुवात त्याच्यापासून कर. त्याला काय हवंय, तो कोणाला भितो, आणि कोणी आडवं आलं नाही तर महिन्याभरात काय करील, एवढं एका पानावर लिहून दसऱ्याच्या आत पाठव. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या