हॅम रेडिओ : बोलण्याआधी ऐकायला लावणारा छंद



दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा दप्तरात वॉकी-टॉकीची जोडी घेऊन आला. मामाने ऑनलाईन मागवून दिलेली. खेळणं समजून मधल्या सुट्टीत मीही मैदानावर ‘हॅलो, हॅलो’ करून घेतलं! नंतर कळलं की तो खरा ट्रान्समीटर आहे आणि तो वापरायला सरकारी परवाना लागतो. जोडी कपाटात गेली, मुलगा रुसला. त्याला नुसतं ‘नको’ म्हणणं मला पटेना. म्हणून माहिती काढायला बसले आणि हॅम रेडिओची ओळख झाली.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. इथे धंदा नाही, जाहिरात नाही, गाणी लावायची नाहीत. परवाना असलेला माणूस घरच्या संचावरून दुसऱ्या हौशी माणसाशी बोलतो, बस्स. मोबाईल असताना हे कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पण मोबाईलला टॉवर लागतो. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी या छंदासाठीच अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि तिथल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला त्यांचे संच कामी आले.

टॉवरशिवाय आवाज इतका लांब जातो कसा? मुलांना मी कॅरम दाखवला. स्ट्रायकर कडेवर आपटून पलीकडची सोंगटी मारतो ना, तशा लघुलहरी वर आयनांबरावरून परत फिरतात आणि दूरवर उतरतात. हे उदाहरण पोरांना लगेच कळलं.

भारतात परीक्षेला बसायला वयाची 12 वर्षं पूर्ण लागतात. रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम यांवर प्रश्न असतात. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स लागत नाही, ‘जनरल’ला लागतं. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर. पालकहो, आधी परीक्षा, मग परवाना, आणि संच सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

मग चौथीच्या मुलांनी काय करायचं? आम्ही टॉर्च घेतला. टिंब म्हणजे छोटा उजेड, रेघ म्हणजे त्याच्या तिप्पट. इंग्रजीत ‘ई’ सर्वात जास्त येतो म्हणून मोर्समध्ये त्याला एकच टिंब, हे सांगितल्यावर पोरं मराठी धड्यातली अक्षरं मोजायला बसली. गणिताचा तास वेगळा घ्यावा लागला नाही. दुसरा खेळ स्पेलिंगचा : ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो. आणि ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय समोरच्याने तोंड उघडायचं नाही. एरवी एकमेकांचं वाक्य तोडणारी माझी मुलं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत होती. वर्गात गप्प बसणारी एक मुलगी तर या खेळात सगळ्यात स्पष्ट बोलली, कारण मध्ये कोणी घुसत नव्हतं.

ऐकण्यासाठी घरी इंटरनेट पुरतं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ वेबएसडीआरवर कुणालाही फुकट ऐकता येतो. पहिल्या दिवशी नुसती खरखर वाटेल, धीर धरा. 2025 च्या जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच. स्थानक आपल्या डोक्यावरून जातं तेव्हा जेमतेम दहा मिनिटं संपर्क राहतो, त्यामुळे प्रश्न आधी नेमके लिहून ठेवावे लागतात. प्रश्न तयार करायला शिकवण्यासाठी याहून चांगलं निमित्त मला तरी सापडलेलं नाही.

त्या मुलाला बारा पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत. वहीच्या मागच्या पानावर त्याने स्वतःचं नाव मोर्समध्ये लिहून ठेवलंय. जोडी मी त्याच्या आईकडे परत दिली, बॅटऱ्या काढून.