साताऱ्याची डोंगरदौड

मनुष्य प्रवासास निघतो त्याची कारणे निरनिराळी असतात. कोणी तीर्थयात्रेस जातो, कोणी व्यापारासाठी, कोणी विद्येसाठी, तर कोणी केवळ नवा मुलूख पाहावा म्हणून घर सोडतो. अलीकडे या कारणांत आणखी एकाची भर पडली आहे. दूरच्या गावी जावयाचे, हजारो लोकांबरोबर लांब पल्ल्याची दौड धावावयाची, तेथील निसर्ग डोळे भरून पाहावयाचा, तेथील अन्नाची चव घ्यावयाची आणि परतावयाचे, असा हा प्रवास आहे. जपानमध्ये अशा दौडी अनेक शहरांत होतात. आपल्या महाराष्ट्रात पावसाळा सरत आला म्हणजे असे प्रवासी साताऱ्याकडे वळतात. तेथील डोंगरदौड २०१२ साली सुरू झाली. ती अर्धमॅरेथॉन आहे. म्हणजे अंतर सुमारे २१ किलोमीटर. २०१५ साली या दौडीत २,६१८ धावपटू एकाच डोंगरावर धावले आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमपुस्तकात झाली.

अक्कलकोट तालुका हा सोलापूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेला भिडलेला मुलूख. काळी जमीन, ज्वारीची आणि तुरीची शेते आणि नजर पोहोचेल तेथवर सपाटी, असे त्याचे रूप आहे. पहाटेच्या वेळी येथील रस्त्यांवर तरुण मुले धावताना दिसतात. कोणाला सैन्यात जावयाचे असते, कोणाला पोलिसात. त्यांच्या पायांना अंतराची सवय असते, चढाची नसते. सपाटीवर वाढलेल्या अशा तरुणाने साताऱ्याच्या घाटात पाऊल टाकले म्हणजे त्याची खरी परीक्षा सुरू होते.

अक्कलकोटहून साताऱ्यास जाण्याची वाट सोलापूर, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव आणि कोरेगाव या गावांवरून जाते. शिदोरीत ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असते. कडक भाकरी पातळ थापून, पूर्ण वाळवून केलेली असते; तिच्यात ओलावा उरत नाही, म्हणून ती कित्येक दिवस टिकते. पंढरपूर येताच मनात येते की, लांबचा पल्ला पायांनी तोडण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. वारकरी शतकानुशतके आळंदीहून आणि देहूहून येथवर चालत येत आहेत. धावण्याची दौड नवी असेल. पण अंतराला न भिणारे पाय जुनेच आहेत.

म्हसवड आणि दहिवडी ही गावे माण तालुक्यातील. सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग पावसाने चिंब होतो, तर पूर्वेकडील हा तालुका पर्जन्यछायेत पडल्यामुळे वारंवार दुष्काळ सोसतो. याच तालुक्यातील मोही या गावी ललिता बाबर यांचा जन्म झाला. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१५ साली त्या सलग तिसऱ्यांदा पहिल्या आल्या. पुढे ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी २०१६ च्या रिओ येथील ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली व दहावे स्थान मिळविले. धावपट्टीवरील शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय महिला पोहोचली, ती १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी. कोरड्या माळावरून धावत निघालेली मुलगी किती दूर जाऊ शकते, हे सपाटीवरच्या मुलामुलींनी या वाटेने जाताना अवश्य आठवावे.

सातारा हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे शहर. औरंगजेबाने वेढा घालून १७०० साली हा किल्ला घेतला. पुढे ताराबाईंच्या काळात तो परत मराठ्यांकडे आला. १७०८ साली छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथेच झाला. शहराच्या पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर उभा आहे. दौडीचे धावपटू शहरातून निघतात, यवतेश्वराचा घाट चढतात, कासच्या रस्त्यावर काही अंतर जातात आणि त्याच वाटेने शहरात परततात. सांगावयास मार्ग एवढा सोपा आहे.

दौडीच्या आदल्या दिवशी साताऱ्याची बाजारपेठ पाहुण्यांनी गजबजते. कंदी पेढ्यांच्या दुकानांपुढे पावले आपोआप थबकतात. परंतु जाणते धावपटू पेढ्यांचा पुडा बांधून घेतात आणि तो दुसऱ्या दिवशी सोडतात. दौडीपूर्वी पोटात नवे, जड किंवा तिखट अन्न घालू नये, हा त्यांचा नियम असतो. नेहमीचा भात किंवा भाकरी, साधे वरण आणि पुरेसे पाणी एवढेच त्या रात्री हितकर असते. भात-भाकरीतील पिष्टाची शरीरात साखर होते आणि ती यकृतात व स्नायूंत साठून राहते. दुसऱ्या दिवशी धावताना शरीर याच साठ्यातून खर्च करीत असते.

सकाळी दौड सुरू होते. शहरातील रस्त्यांवर दुतर्फा लोक उभे असतात. वाद्यांचा गजर चालू असतो. लहान मुले हात पुढे करून टाळ्या मागतात. त्या उत्साहात सपाटीवरचा तरुण नेहमीच्या वेगाने, किंबहुना त्याहून अधिक वेगाने, धावू लागतो. घाट लागतो तेव्हा पहिल्या काही वळणांपर्यंत त्याचा वेग टिकतो. मग श्वास अपुरा पडू लागतो, पोटऱ्या जड होतात आणि ज्यांना त्याने मागे टाकलेले असते ते एकेक करून शांतपणे पुढे निघून जातात.

चढावर शरीराला पुढे तर जावेच लागते, शिवाय स्वतःचे सारे वजन वर उचलावे लागते. त्यामुळे तोच वेग राखण्यास कितीतरी अधिक प्राणवायू लागतो. म्हणून अनुभवी धावपटू चढ लागताच पावले आखूड करतात, शरीर किंचित पुढे झुकवितात आणि नजर दूरच्या शिखराऐवजी समोरच्या काही पावलांवर ठेवतात. ते आपला वेग घड्याळावरून ठरवीत नाहीत, श्वासावरून ठरवितात. श्वास फारच वाढला तर ते काही अंतर चालतातही. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. तरुणाला मात्र तो वाटतो. आपण सारे बळ आताच पणाला लावावे की मागे पडण्याचे दुःख सोसून पुढच्या वाटेसाठी काही राखून ठेवावे, हा प्रश्न त्या घाटातच त्याला सोडवावा लागतो. त्याच्या वतीने तो दुसरा कोणी सोडवू शकत नाही.

घाट संपतो आणि समोर नवे जग उघडते. हिरव्या गवताने झाकलेला डोंगरमाथा, अंगावरून सरकणारे धुके, मधूनच येणारी पावसाची सर. धुके विरळ झाले म्हणजे एका अंगास कण्हेरचा जलाशय दिसतो, तर दुसऱ्या अंगास उरमोडीचा. ज्याच्या गावी पावसाची वाट पाहण्यात महिने जातात, त्याला हे दृश्य क्षणभर थांबविल्यावाचून राहत नाही.

यानंतर उतार लागतो. आता श्रम संपले असे वाटते; पण पायांना खरी इजा बहुधा उतारावरच होते. उतरताना प्रत्येक पाऊल शरीराला आवरून धरीत असते. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. म्हणून ते लवकर थकतात व दुसऱ्या दिवशी अधिक दुखतात. गुडघ्यांनाही धक्के बसतात. ओल्या रस्त्यावर पाय घसरण्याचे भय असते ते वेगळेच. ज्याने चढावर सर्वस्व खर्चून टाकले, त्याला उतारावर स्वतःला सावरणे कठीण जाते. ज्याने थोडे राखून ठेवले, तो शहरात शिरताना हसत शिरतो.

मात्र एखाद्याची धाव अर्ध्यावर सुटली तर तिला व्यर्थ समजू नये. या बाबतीत एक जुनी घटना उद्बोधक आहे. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकसाठी भारतातून प्रथमच संघ पाठविण्यात आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले होते. संघ पाठविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. तेथील मॅरेथॉनमध्ये दोन भारतीय धावले. बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दुसरे होते साताऱ्याचे सदाशिव दातार. त्यांना ती दौड पूर्ण करता आली नाही.

त्याच दौडीत शिझो कानाकुरी नावाचे जपानी धावपटू सोळावे आले. अपूर्ण धावेचे दुःख त्यांनाही ठाऊक होते. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये कडक उन्हाने ते वाटेतच कोसळले. एका कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली आणि अधिकाऱ्यांना न कळविताच ते मायदेशी परतले. परंतु त्यांनी धावणे सोडले नाही. एकट्याने सोसावयाचे ते कष्ट अनेकांनी वाटून घ्यावेत व त्यातून उत्तम धावपटू तयार व्हावेत, या हेतूने त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या फेब्रुवारीत एक सांघिक दौड सुरू झाली. ती तोक्यो ते हाकोने आणि परत अशी, सुमारे २१७ किलोमीटरांची आहे. विद्यापीठांचे संघ ती दोन दिवसांत पुरी करतात. दहा धावपटू आळीपाळीने धावतात आणि प्रत्येक जण खांद्यावरून घेतलेला कापडी पट्टा काढून पुढच्याच्या हाती देतो. जो संघ फारच मागे पडतो, त्याच्या पुढच्या गड्याला आपल्या पट्ट्याची वाट न पाहता दुसरा पट्टा घेऊन निघावे लागते. ते दुःख पराभवाहूनही मोठे मानतात.

या दौडीचा पाचवा टप्पा यवतेश्वराच्या घाटाची आठवण करून देणारा आहे. समुद्राजवळच्या ओदावारा नगरातून निघालेला धावपटू ८७४ मीटर उंचीपर्यंतचा रस्ता चढतो आणि मग आशी सरोवराच्या काठी उतरतो. आकाश निरभ्र असले तर सरोवरापलीकडे फुजी पर्वत दिसतो. जवळच ओवाकुदानी येथे गंधकाच्या उष्ण झऱ्यांत अंडी उकडतात. त्यांचे कवच काळे होते, आत मात्र ती नेहमीसारखीच असतात. हाकोनेस गेलेला प्रवासी ती चाखल्यावाचून परतत नाही. स्टॉकहोमकरांनी १९६७ साली वृद्ध कानाकुरींना आमंत्रण दिले आणि राहिलेली धाव पूर्ण करावयास लाविले. त्यांची नोंदलेली वेळ ५४ वर्षे ८ महिने ६ दिवस ५ तास ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद अशी आहे.

साताऱ्यातील धाव आटोपली म्हणजे पेढ्यांचा पुडा सुटतो. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर तांबूस, खरपूस होईपर्यंत भाजून हे पेढे करतात; म्हणून त्यांना फिक्या पेढ्यांहून निराळी चव येते. इंग्रजांच्या ‘कँडी’ या शब्दावरून ‘कंदी’ हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. अक्कलकोटची शेंगांची चटणीही याच वेळी बाहेर निघते आणि ओळख नसलेल्या माणसांत वाटली जाते. घाटात जो पुढे गेला आणि जो मागे राहिला, ते दोघे एकाच पानावर जेवू लागतात.

पुष्कळसे पाहुणे दुसऱ्या दिवशी कासच्या पठारावर जातात. दौड तेथवर पोहोचत नाही. सुमारे १,२०० मीटर उंचीवरील या जांभ्या दगडाच्या पठारावर मातीचा थर अगदी पातळ आहे. तरी ८५० हून अधिक प्रकारच्या सपुष्प वनस्पती तेथे नांदतात. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे यांनी माळ रंगून जातो. सीतेची आसवे ही चिमुकली वनस्पती मातीतून पुरेसे पोषण मिळत नाही म्हणून सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागविते. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. तेव्हापासून गर्दी वाढली आणि प्रवाशांच्या संख्येस मर्यादा घालावी लागली. एका पावलाने दबलेली ती पातळ माती पुन्हा मोकळी व्हावयास फार काळ लागतो.

आदल्या दिवशी घाटाने तरुणाला स्वतःच्या बळाचे माप दाखविलेले असते. पठारावर त्याला दुसऱ्याच्या सहनशक्तीचे माप ओळखावे लागते. आखून दिलेल्या वाटेवरच पाऊल टाकणारा आणि फूल न तोडता पुढे सरणारा प्रवासी साताऱ्याची दौड खऱ्या अर्थाने पूर्ण करतो. अक्कलकोटच्या सपाटीवर परतल्यावर त्याच्या पहाटेच्या धावण्यात फरक पडलेला दिसतो: तो आरंभी सावकाश निघतो आणि शेवटी वेग वाढवितो.

स्वाध्याय

१. सपाटीवर धावणाऱ्या तरुणाला घाट का कठीण जातो?
२. उतारावर शरीराला कोणता त्रास होतो? त्याचे कारण सांगा.
३. सदाशिव दातार व शिझो कानाकुरी यांच्या अनुभवांत कोणते साम्य आहे?
४. कासच्या पठारावरील प्रवाशांच्या संख्येस मर्यादा का घालावी लागली?
५. आपल्या गावाहून जवळच्या एखाद्या डोंगरापर्यंतच्या वाटेचे, तेथील निसर्गाचे व खाद्यपदार्थांचे पंधरा ओळींत वर्णन करा.