घरकुल आणि ग्रामपंचायत : जागा, नोंद व सुविधा

अन्न आणि वस्त्र यांच्याबरोबर निवारा ही माणसाची प्राथमिक गरज होय. ग्रामीण भागातील बेघर आणि कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना पक्के घर मिळावे, यासाठी गेल्या पाच दशकांत केंद्र व राज्य शासनाने अनेक योजना राबविल्या. या योजनांचे यश बहुधा बांधून पूर्ण झालेल्या घरकुलांच्या संख्येवरून मोजले जाते. परंतु घरकुलासाठी जागा कोठून मिळणार, तिची नोंद कोणाच्या नावे होणार आणि त्या घरापर्यंत पाणी, रस्ता, दिवा व गटार कोण पोहोचविणार, या तीन प्रश्नांची उत्तरे अनुदानाच्या रकमेत सापडत नाहीत. ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि ग्रामसभेच्या ठरावांत शोधावी लागतात. म्हणूनच ग्रामीण गृहनिर्माणाचा विचार ग्रामपंचायतीला वगळून करता येत नाही.

धोरणाची वाटचाल

या धोरणाचा आरंभ घरापासून नव्हे, तर जागेपासून झाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये ग्रामीण भूमिहीन मजुरांना घरासाठी जागा देण्याची योजना केंद्र शासनाने सुरू केली. १९७४ पासून ती राज्यांकडे आली. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमातही घरासाठी जागा देण्याच्या कामाला स्थान मिळाले.

पुढे १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. प्रारंभी ती रोजगार कार्यक्रमाचा एक भाग होती आणि अनुसूचित जाती-जमाती व मुक्त वेठबिगार यांच्यापुरती मर्यादित होती. १ जानेवारी १९९६ पासून तिला स्वतंत्र योजनेचे स्वरूप मिळाले. १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण या योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्रफळ २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर करण्यात आले. सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये व डोंगराळ भागासाठी १,३०,००० रुपये साहाय्य ठरले. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२,००० रुपये यांची जोड देण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने आणखी दोन कोटी घरांचा दुसरा टप्पा मंजूर केला. राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी आणि २०२३ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास या योजनाही राबविण्यात आल्या.

घरकुलाची रक्कम अशा रीतीने वाढत गेली. मात्र १९७१ मधील मूळ प्रश्न, म्हणजे घर बांधायचे ते कोठे, हा भूमिहीन कुटुंबांच्या बाबतीत आजही तितकाच खरा आहे.

पंचायतीची जबाबदारी

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय असून त्यांत ग्रामीण गृहनिर्माण आणि पिण्याचे पाणी हे दहावे व अकरावे विषय लागोपाठ आले आहेत. घर आणि पाणी यांचा हा शेजार अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ अन्वये पाणीपुरवठा, स्वच्छता, रस्ते व दिवाबत्ती ही कामे पंचायतीकडे आहेत. लाभार्थ्यांची निवडही शेवटी ग्रामसभेच्या पडताळणीतून होते. सामाजिक-आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षण, २०११ आणि त्यानंतर सुटलेल्या कुटुंबांचे सर्वेक्षण यांवरून याद्या तयार झाल्या; परंतु यादीतील कुटुंब खरोखर गरजू आहे किंवा नाही, हे ओळखणारी सभा गावातच भरते.

पहिली पायरी : जागा

ज्याच्याजवळ स्वतःची जागा नाही, तो सर्वांत गरीब. आणि जागेअभावी ज्याचे घरकुल अडते, तोही तोच. मंजुरी मिळूनही असे कुटुंब मागे राहते. हा या विषयातील सर्वांत गंभीर दोष होय. भूमिहीन लाभार्थ्यास जागा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनी राज्य शासनावर टाकली आहे. त्यासाठी पुढील मार्ग उपलब्ध आहेत.

(१) गावठाणातील मोकळ्या शासकीय जागेची मागणी करणे. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांना आहे. जागा अपुरी असल्यास गावठाण विस्ताराचा प्रस्ताव पंचायतीने वेळीच पाठवावा.

(२) पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी साहाय्य मिळते. प्रारंभी त्याची मर्यादा ५०,००० रुपये होती.

(३) निवासी अतिक्रमण नियमानुकूल करणे. १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने ग्रामीण भागातील शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीच्या निवासी अतिक्रमणांबाबत ही वाट मोकळी केली.

तिसऱ्या मार्गाने जाताना सावधगिरी हवी. गायरान, तलाव अशा सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात दिला. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना शासकीय आदेशाने दिलेल्या जमिनींसारख्या अपवादात्मक बाबींपुरतीच त्यात सवलत आहे. त्यामुळे जमिनीचा प्रकार तलाठी दप्तरातून तपासल्याशिवाय ठराव करणे लाभार्थ्याच्याच अहिताचे ठरते. ठराव झाला म्हणून घर बांधले आणि पुढे ते पाडण्याची नोटीस आली, तर नुकसान त्या कुटुंबाचे होते.

दुसरी पायरी : नोंद

ग्रामपंचायतीच्या ‘नमुना ८’ मध्ये घराची कर आकारणीसाठी नोंद असते. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज खेड्यापाड्यांत दृढ आहे. तो बरोबर नाही. नमुना ८ ही कराची नोंद होय. मालकीचा पुरावा म्हणून तिचे बळ अपुरे पडते. वारसांतील वाद, कर्ज, विक्री यांच्या वेळी ही उणीव उघडी पडते.

बहुसंख्य गावठाणांतील मिळकतींची मोजणीच झालेली नव्हती. ही उणीव दूर करण्यासाठी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजणीचा प्रयोग करण्यात आला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. तीत मोजणीनंतर मिळकतधारकास मिळकत पत्रिका मिळते. मोजणीपूर्वी हद्दी चुन्याने आखणे, शेजाऱ्यांतील वाद समजुतीने मिटविणे आणि नकाशावरील हरकती मुदतीत नोंदविणे, ही कामे पंचायतीने मनावर घेतली तरच पत्रिका बिनचूक निघते.

नोंदीचा आणखी एक पैलू आहे. गावातील घरांची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचे धोरण राज्याने २००३ मध्ये स्वीकारले. घरकुलही पत्नीच्या किंवा दोघांच्या संयुक्त नावे मंजूर करावे, असा योजनेचा दंडक आहे. ज्या स्त्रीचे नाव नोंदीत आहे, तिला घराबाहेर काढणे सोपे नसते. नमुना ८ मधील एका ओळीचे महत्त्व एवढे मोठे आहे.

तिसरी पायरी : सुविधा

समजा, एखाद्या गावाच्या कडेला ४० घरकुलांची वस्ती झाली. प्रत्येक घरी पाच माणसे धरल्यास लोकसंख्या २०० झाली. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या प्रमाणाने वस्तीला दररोज ११,००० लिटर पाणी लागेल. त्यातील सुमारे चार-पंचमांश, म्हणजे ८,८०० लिटर सांडपाणी रोज बाहेर पडेल. त्यासाठी शोषखड्डे, परसबागा किंवा गटार यांची आखणी घरांच्या आखणीबरोबरच झाली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात नव्या घरांच्या दारात डबकी साचतील. वस्ती बसल्यावर रस्त्याची रुंदी वाढविता येत नाही आणि गटाराचा उतारही साधत नाही.

या बाबतीत किल्लारीचा अनुभव उद्बोधक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पूर्ण पुनर्वसन करण्यात आले. घरे भूकंपरोधक झाली, रस्ते रुंद झाले. पण नव्या वसाहती मूळ गावांपेक्षा कितीतरी पसरट होत्या. जितके गाव पसरट, तितकी जलवाहिनी लांब, दिवे अधिक आणि देखभालीचा खर्च मोठा. बांधणीचा खर्च एकदाच येतो. देखभालीचा भार मात्र ग्रामपंचायतीवर कायमचा राहतो.

हा भार उचलण्यास उत्पन्न हवे. कलम १२४ अन्वये पंचायत घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर इत्यादी बसविते. २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर घरपट्टीची आकारणी भांडवली मूल्यावर होऊ लागली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील पंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवली होती. परंतु अनुदानाने गटार बांधले जाते. ते वाहते ठेवण्याचे काम वसुलीवर चालते. करवसुली आणि सुविधा यांचा हा संबंध ग्रामसभेत आकड्यांनिशी मांडला, तर कर देणारासही आपल्या पैशाचा हिशेब कळतो.

ग्रामसभेपुढील प्रश्न

सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि गावातील शिक्षक यांनी वर्षातून एकदा पुढील प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवावेत :

(१) यादीतील किती कुटुंबांना स्वतःची जागा नाही? प्रत्येकासाठी कोणता मार्ग निवडला आणि प्रस्ताव कोठे थांबला आहे?
(२) किती घरांच्या नोंदीत पत्नीचे नाव आहे?
(३) नव्या वस्तीचा नकाशा मंजूर करताना पाणी, गटार व रस्ता त्यात दाखविला होता काय?
(४) पूर्ण झालेल्या घरकुलांपैकी किती घरांत नळ, वीज आणि वापरातील शौचालय आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर विशेष महत्त्वाचे आहे. घरकुल पूर्ण झाल्याचा दाखला छपराच्या छायाचित्रावर मिळतो. परंतु ज्या घरातील बाई आजही दूरच्या विहिरीवरून पाणी आणते, ते घर कागदावर पूर्ण झाले असले तरी पंचायतीच्या दृष्टीने अपुरेच समजले पाहिजे. गावाने आपल्या घरकुलांची मोजदाद या कसोटीने केली, तर धोरणाचा हेतू प्रत्यक्षात उतरेल आणि १९७१ पासून जागेच्या प्रतीक्षेत राहिलेल्या वर्गालाही त्याचा खरा लाभ मिळेल.