ऊस वाहतुकीसाठी वाहन कोणते निवडावे?
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गाळप हंगाम जवळ आला की शेतकी ऑफिसात तरुण सभासदांची चौकशी सुरू होते, "साहेब, वाहतुकीचा करार करायचाय. ट्रॅक्टर घ्यावा का ट्रक?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यात घरची जमीन तारण जाते. म्हणून वाहन घेण्याआधी काय पाहावे, ते या पाठात क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा दर, म्हणजे २००९ पासूनची एफ.आर.पी., हा कारखान्याच्या दारात पोच उसाचा दर आहे. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातूनच वजा होतो. म्हणजे वाहन कोणाचेही असो, त्याच्या उधळपट्टीचा भार शेवटी सभासदाच्याच बिलावर पडतो.

१. फडाकडे पाहा
आपले राहू बेट मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या कुशीत आहे. नदीकाठची काळी, भारी जमीन पाणी लवकर सोडत नाही. अशा फडात भरलेला ट्रक रुतला की दिवस गेलाच समजा. त्यात चाकाखाली बुडखे चेंगरतात, जमीन दबते आणि खोडव्याला तुटाळ पडते. म्हणून भारी जमिनीत तोडणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे आणि मोठे वाहन शक्यतो बांधावर किंवा पाणंदीवरच उभे करावे. जिथे पाणंद अरुंद आणि वळण आखूड, तिथे बैलगाडी किंवा ट्रॅक्टरमागची छोटी गाडीच बरी.

२. अंतराकडे पाहा
बैलगाडीला डिझेल लागत नाही आणि ती कुठल्याही फडात शिरते. पण ती दोन-अडीच टनच ओढते आणि तिचा पल्ला आठ-दहा किलोमीटरचा. त्यापुढे बैलांचे हाल होतात. मधल्या पल्ल्याला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सोयीचा. लांबच्या गटातला ऊस डांबरी रस्त्याने आणायचा असेल तर ट्रक परवडतो, कारण तो वेगाने जातो आणि दिवसात खेप वाढवतो. मात्र गाडीतळावर रांग मोठी असेल तर हा वेग वाया जातो, हेही हिशेबात धरावे.

३. टोळीकडे पाहा
इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे दिवसाला १५ ते २० टन. समजा टोळी पाच कोयत्यांची आहे आणि वाहन १५ टनांचे. मग पहिल्या दिवशी तोडलेली मोळी दुसऱ्या दिवशी गाडी भरेपर्यंत उन्हात पडून राहणार. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, आणि त्यातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊ लागते. फेब्रुवारीनंतरच्या उन्हात हे फार झपाट्याने होते. वजन घटले की सभासदाचे नुकसान, उतारा घटला की सगळ्यांचे. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडलाच पाहिजे. म्हणून वाहन टोळीच्या मापाचे घ्यावे.

४. वजनाकडे पाहा
२०१८ साली केंद्र सरकारने आसावरील वजनाची मर्यादा वाढवली. दोन टायरच्या पुढच्या आसाला ६ ऐवजी ७ टन, चार टायरच्या मागच्या आसाला १०.२ ऐवजी ११.५ टन. म्हणजे साध्या सहाचाकी ट्रकचे भरलेले वजन १८.५ टनांपर्यंत. रिकामा ट्रक ७ टनांचा धरला तर ऊस साडेअकरा टनच. जुना ट्रक घेत असाल तर आर.सी. बुकात लिहिलेला आकडाच खरा माना. "अजून चार मोळ्या बसतील" या मोहात टायर, पाटे आणि शेवटी माणूस जातो.

ट्रॅक्टरवाल्यांना खास सूचना. रस्त्यावर चालताना डावा-उजवा ब्रेक खिट्टीने एकत्र जोडलेला हवा, नाहीतर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. उतारावर भरलेल्या ट्रॉल्या मागून रेटतात, तेव्हा गिअर काढून चालवू नये. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकला जाता कामा नये. रात्री उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून घरातला कर्ता पोरगा जातो. तो कुणाचाही असू शकतो.

५. उरलेल्या महिन्यांकडे पाहा
हंगाम चार-पाच महिन्यांचा, कर्जाचे हप्ते मात्र वर्षाचे. ट्रॅक्टर हंगामानंतर नांगरट, रोटाव्हेटर, शेणखत अशा कामांना येतो. ट्रकला भाडे शोधावे लागते, शिवाय कर, परमिट, पासिंग आहेच. विमा घेताना भाड्याची वाहतूक त्यात धरली आहे का, हे वाचून घ्यावे. फक्त शेतीकामाचा विमा असेल तर अपघातात हात वर केले जातात.

शेवटचे आणि महत्त्वाचे. वाहनाच्या किमतीबरोबर मुकादमाला द्यायची उचलही मोठी असते. टोळी आलीच नाही तर वाहन दारात आणि कर्ज डोक्यावर, अशी पाळी येते. म्हणून उचल रोख न देता बँकेमार्फत द्यावी, करार लेखी करावा, आणि मुकादमाचा मागचा हंगाम कसा गेला याची चौकशी त्याने आधी काम केलेल्या वाहनमालकाकडे करावी.

आपल्या गटातील ऊस किती, पाणंदी कशा, टोळ्या कोणत्या, याची माहिती गट ऑफिसात मिळेल. आधी तो कागद समोर ठेवून हिशेब मांडा, आणि मगच शोरूमची पायरी चढा.