शाळेसाठी निधी : मागण्याची रीत आणि हिशेबाची शिस्त

संग्रामदुर्ग आणि कांद्या-बटाट्याची बाजारपेठ ही चाकणची जुनी ओळख. वाहन उद्योगाच्या आगमनाने गेल्या काही दशकांत या गावाचे व भोवतालच्या महाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी, खराबवाडी या गावांचे रूप पालटले. येथील जिल्हा परिषदेच्या शाळांत आता जुन्या शेतकरी कुटुंबातील मुलाशेजारी मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश वा बिहारमधून पोटासाठी आलेल्या कामगाराचे मूल बसते. पट वाढला की पाण्याचे नळ, बसावयाच्या सतरंज्या, ग्रंथालयातील पुस्तके असे सारेच अपुरे पडू लागते. अशा वेळी काही पालक पुढे येतात व निधी जमविण्याचे ठरवितात.

हेतू स्तुत्य असला तरी मार्गही तितकाच निर्दोष हवा. वर्गणी चुकीच्या रीतीने मागितली गेली, तर ज्यांच्यासाठी ती जमवावयाची त्यांतील सर्वांत गरीब मूलच संकोचाने शाळेपासून दूर सरते. म्हणून पालक स्वयंसेवकांनी या कामाची पद्धत नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

थेंबाथेंबाचा वारसा

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला. लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि त्यातून १९०८ साली, चाकणपासून जवळच असलेल्या तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कार्यात ‘मुष्टिफंड’ होता. गृहिणीने दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे व त्यावर वसतिगृहातील मुले जेवावयाची, अशी ती योजना.

या दोन्ही उपक्रमांतील मर्म एकच. मागणे इतके लहान की गरिबालाही देता यावे, आणि देणारे इतके अधिक की कार्य कोणा एकाच्या मालकीचे होऊ नये. शाळेच्या निधीसही हेच सूत्र लागू आहे.

कायद्याची चौकट

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शिक्षण मोफत आहे. प्रवेशाच्या वेळी देणगी घेण्यास सक्त मनाई आहे. तेव्हा वर्गणी ही सर्वस्वी ऐच्छिकच असली पाहिजे. दाखला, निकालपत्रक किंवा परीक्षा यांच्याशी तिचा दूरान्वयानेही संबंध जोडता कामा नये.

याच अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या निधीच्या विनियोगावर देखरेख ठेवणे ही समितीची कामे आहेत. म्हणून पालक स्वयंसेवकांनी समितीचा ठराव घेऊनच कामास लागावे. शाळा वा समिती यांना सोडून एखादा गट बाजारात व चौकात लोकांकडून वर्गणी गोळा करणार असेल, तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचे प्रमाणपत्र आधी मिळवावे.

आधी गरज, मग रक्कम

‘शाळेसाठी काहीतरी द्या’ असे म्हटल्यास लोक हात आखडता घेतात. ‘पाण्याची टाकी व आठ नळ बसवावयाचे आहेत’ असे म्हटल्यास विचार करतात. आराखड्यातील एकच बाब निवडावी, दोन-तीन दुकानांतून दरपत्रके घ्यावीत व मगच रक्कम जाहीर करावी.

उदाहरणादाखल, या कामाचा खर्च ४२,००० रुपये येतो असे समजू. ८० कुटुंबांनी सरासरी १५० रुपये दिल्यास १२,००० रुपये होतील. माजी विद्यार्थी व दुकानदार यांजकडून १४,००० रुपये आणि बालआनंद मेळाव्यातून खर्च वजा जाता ६,००० रुपये मिळतील. सिमेंट व नळ्या वस्तुरूपाने मिळाल्यास ५,००० रुपये वाचतील. उरलेले ५,००० रुपये गवंडी व फिटर असलेल्या पालकांच्या श्रमदानातून भरून निघतील. औद्योगिक पट्ट्यातील पालकांच्या हाती कसब असते. ज्यास पैसा देणे शक्य नाही तो रविवारचे दोन तास देतो, आणि त्याची नोंदही देणगीदारांच्या यादीत त्याच मानाने व्हावी.

मागण्याची रीत

निधी मागण्याचे काम शिक्षकांवर टाकू नये. त्यांचे काम शिकविण्याचे आहे, आणि गुरुजींनी मागितल्यास पालकास नाही म्हणणे जड जाते. मुलांच्या हाती पावतीपुस्तक तर कधीच देऊ नये. दोन स्वयंसेवकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री यांनी, जोडीने घरोघर जावे. कारखान्यांत पाळ्या असल्याने सर्व पालक एकाच वेळी भेटत नाहीत. तेव्हा सकाळ व संध्याकाळ अशा दोन्ही वेळा ठेवाव्यात. पगाराच्या सुमारास गेल्यास सोयीचे होते. भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या परप्रांतीय पालकांसाठी आवाहनाचे पत्रक हिंदीतही असावे.

कोणी किती दिले याची वर्गात वाच्यता होऊ नये. स्नेहसंमेलनात मुलाच्या नाचावर खूश होऊन ध्वनिक्षेपकावरून बक्षिसे जाहीर करण्याची प्रथा अनेक गावांत आहे. त्यातून शाळेस पैसा मिळतो हे खरे. परंतु ज्याचे नातेवाईक गावात नाहीत अशा मुलाच्या वाट्याला केवळ शांतता येते. त्याऐवजी सर्व बक्षिसे ‘शाळेच्या कार्यक्रमास’ म्हणून एकत्र स्वीकारावीत व एकदाच जाहीर करावीत.

कारखान्यांची मदत

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावयाची असते. शिक्षण हा त्यांतील एक मान्य विषय आहे. मात्र कंपनी हा खर्च स्वतः किंवा नोंदणीकृत पात्र संस्थेमार्फत करते. कोणा स्वयंसेवकाच्या हाती ती रोकड देत नाही. म्हणून समितीने ठराव, पटसंख्या, छायाचित्रे व अंदाजपत्रक जोडून मुख्याध्यापकांच्या सहीने लेखी प्रस्ताव द्यावा. वर्गखोलीसारखी मोठी कामे या मार्गाने व्हावीत. मात्र कारखाना देईल म्हणून पालकांनी आपली मूठ आवळू नये, कारण स्वतःचा वाटा दिलेल्या वस्तूची निगा लोक अधिक आस्थेने राखतात.

हिशेब उघडा हवा

प्रत्येक रुपयाची क्रमांकित पावती द्यावी. रक्कम त्याच वा दुसऱ्या दिवशी समितीच्या बँक खात्यात भरावी. मोबाइलवरून येणारी देणगीही थेट त्याच खात्यात यावी, कोणाच्या खाजगी खात्यात नव्हे. पैसे गोळा करणारा, खरेदी करणारा आणि हिशेब तपासणारा अशा तीन व्यक्ती वेगळ्या असाव्यात. काम पुरे होताच जमाखर्च शाळेच्या फलकावर लावावा व शिल्लक कशासाठी ठेवली तेही लिहावे. वस्तुरूप देणग्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवाव्यात.

खेड तालुक्यातीलच जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळा २०२५ साली जागतिक उत्कृष्ट शाळा पारितोषिकासाठी समाजाच्या सहभागाच्या विभागात पहिल्या दहांत निवडली गेली. गाव शाळेच्या पाठीशी उभे राहिले म्हणजे काय घडते, याचा दाखला चाकणकरांना दूर शोधावयास नको. नळाला पाणी आले की ते पिणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या वडिलांनी किती दिले हे कोणासही ठाऊक नसावे, मात्र एकूण किती जमले व कोठे खर्चिले हे प्रत्येकास ठाऊक असावे. या कसोटीस उतरेल तोच निधी शाळेच्या उपयोगाचा आणि गावाच्या भूषणाचा ठरेल.