सायकलचे वय

मुलांनो, जुन्या बाजारातून मी शर्यतीची पोलादी सायकल आणली. विकणारा म्हणाला, "गुरुजी, १९६५ ची आहे!" मी तसे पैसे मोजले. घरी मागचा गिअर पुसला, तर त्यावर 'शिमानो' आणि आतल्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरांचा ठसा: 'ईसी'.

ही जपानी कंपनी पहिल्या अक्षराने वर्ष सांगते, दुसऱ्याने महिना. ए म्हणजे १९७६, बी १९७७. मग ई १९८०. सी म्हणजे मार्च. २००२ पासून पुन्हा 'ए' आले खरे, पण गिअरवरची वेलबुट्टी १९८० च्या सुमाराचीच.

फसलोच की! पण थांबा. गिअर कुणी मागाहून बसवला असेल तर? क्रँकच्या पाठीमागे पाहिले, 'ईबी' निघाले. ब्रेक राहिलेत. सायकल व्हरांड्यात आहे. मधल्या सुट्टीत तुम्हीच शोधा बघू.