निद्रेच्या पेशी, जागृतीच्या पेशी

मालवण किनाऱ्यावरील आमच्या वसतिगृहात वंदनेनंतर पेंगणाऱ्या मुलास कोणी आळशी म्हणते. विज्ञान मात्र मेंदूकडे बोट दाखवते. १९१७च्या सुमारास व्हिएन्नात मेंदूज्वराची विचित्र साथ आली. डॉ. फॉन इकॉनॉमो यांना मृतांच्या मेंदूत आढळले : हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेले रुग्ण अखंड झोपत, पुढचा बिघडलेले निद्रेला पारखे होत. पुढे रसायनांवरून पेशींचे प्रकार ठरले. पुढील ‘गाबा’ स्रवणाऱ्या पेशी निद्रा आणतात. मागील हिस्टामिन व ओरेक्सिनच्या पेशी जागृती राखतात. (सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, ती हिस्टामिनचे कार्य अडल्यानेच.) ओरेक्सिनच्या पेशी नष्ट झाल्यास भर वर्गात अनावर झोप येते. हा नार्कोलेप्सी आजार बहुधा किशोरवयातच उद्भवतो. अशी लक्षणे दिसताच आम्ही पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगतो.